‘आय-सेव्हन आहे म्हणे, घेऊन टाकू का?’

बी-४०२: नमस्कार सोसायटीकर मंडळी. चिरंजीवांची दहावी झाली, कबूल केलेला गेमिंग कॉम्प्युटर आता घेणं भाग आहे. सुटे पार्ट जमवत बसणं मला जमणार नाही, तयार सेटच घेणार. मॉनिटर धरून सत्तर हजारांच्या आत. एका दुकानदाराने सांगितलंय: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, लायटिंगचं कॅबिनेट, मॉनिटरसकट ३४ हजार! घेऊन टाकू का?

ए-१०३: काका, थांबा. आय-सेव्हन कितव्या जनरेशनचा ते विचारा. कार्डाचं नावही.

सी-६०१: आय-सेव्हन म्हणजे चांगलाच असणार की. आमच्या साहेबांकडे आहे.

ए-१०३: काकू, आय-सेव्हन २००८ पासून येतोय. साहेबांचा वेगळा, हा वेगळा.

बी-४०२: विचारलं. ‘३७७०, एकदम कंडिशनमध्ये.’ कार्ड जीटी ७३०.

ए-१०३: वाटलंच. प्रोसेसर २०१२ चा, कार्ड २०१४ चं. जुना माल नव्या चकचकीत डब्यात. कार्डाच्या ४ जीबीला भुलू नका, चिप कुठली ते बघायचं. पोरगं खेळतं काय?

बी-४०२: व्हॅलोरंट म्हणतो.

ए-१०३: मग विषयच संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, ते या मशीनमध्ये नाही. विंडोज १० वर चालवावं, तर त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाला.

बी-२०४: टँकर आला का?

ए-१०३: प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० बघा. कार्ड आरएक्स ६६००. बजेटात आरटीएक्स ४०६० बसलं तर सोन्याहून पिवळं. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, एकच १६ ची नको, वेग कमी पडतो. आय-सेव्हनचा हट्ट सोडा, तो पैसा कार्डात घाला.

बी-७०२: आणि एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा!! आमच्या कोटेशनवर नुसतं ‘५०० वॅट’ लिहिलं होतं. कंपनीचं नाव नाही, आम्हीही विचारलं नाही. ऐन गणपतीत दोनदा लाइट गेली-आली, एसएमपीएस जळालं आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेलं. आरास बाजूला, मी दुकानाच्या पायऱ्या झिजवतोय. दुकानदार म्हणे वॉरंटी ‘सेटची’ आहे, पार्टची नाही. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचं नाव आणि सिरियल नंबर लिहून घ्या.

ए-१०३: अगदी. एसएमपीएसवर ८० प्लस ब्राँझ हा वीजबचतीचा शिक्का तरी हवाच.

सी-६०१: भाच्याकडे नवा सेट आला तर स्क्रीन काळीच! दोन तास सगळे घामाघूम.

ए-१०३: वायर मदरबोर्डला लावली असणार, काकू. मी सांगितलेल्या दोन्ही प्रोसेसरमध्येही आतलं ग्राफिक्स नाही. मॉनिटरची वायर खालच्या ग्राफिक्स कार्डालाच लावायची.

बी-२०४: कुणीतरी टँकरचं सांगा हो.

बी-४०२: आत्ताच दुकानात फोन केला. म्हटलं, एसएमपीएस कुठल्या कंपनीचं? तर म्हणाला, ‘काका, लायटिंगचे दोन पंखे फ्री देतो.’