५वाय३ च्या जागी जीझेड३४? आधी घरातल्या स्विचबोर्डातलं व्होल्टेज मोजा

५वाय३ आणि जीझेड३४ म्हणजे ट्यूब अँपमध्ये एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायर ट्यूब. दोन्हीच्या पिना सारख्या, फिलामेंटपण (आतली तापणारी तार) ५ व्होल्टचाच, म्हणून ५वाय३ काढून सरळ जीझेड३४ लावा असं काहीजण म्हणायलेत. बसते की, पण ५वाय३ स्वतःत बरेच व्होल्ट खाते आणि जीझेड३४ फार कमी, त्यामुळं पुढच्या ६व्ही६ ला (आवाजाला जोर देणारी ट्यूब) एकदम ३०-४० व्होल्ट जास्त जातात, बायस (त्या ट्यूबमधून किती करंट वाहायचा ती सेटिंग) परत बघायलाच लागतो. ५यू४ ही तिसरी रेक्टिफायर तर नकोच, तिचा फिलामेंट ३ अँपिअर ओढतो, ५वाय३ चा २, ट्रान्सफॉर्मर तापणार.

पण यात कोणी बोललं नाही ते म्हणजे घरातल्या लाइटचं. आमच्या निपाणीकडं रात्री उसाचे पंप बंद झाले की व्होल्टेज चढतं, मी मोजलं तेव्हा २४८, आणि माझा अँप आतून ट्रान्सफॉर्मरच्या २२० व्होल्टच्या टॅपवर (जोडणीवर) जोडलेला! म्हणजे ५वाय३ च असूनसुद्धा ६व्ही६ ला ३५० च्या जागी ३९० व्होल्टच्या आसपास आणि तिचा ६.३ चा हीटर (फिलामेंट) ७.१ वर, त्यात जीझेड३४ लावली असती तर ६व्ही६ चं काय झालं असतं विचार करा. ६व्ही६ च्या दोन जोड्या लवकर गेल्या त्या यामुळंच असं माझं ठाम मत आहे. बेळगावात जाणत्या मेकॅनिककडून २४० च्या टॅपवर घेतला आणि ५वाय३ च ठेवली, जोरात वाजवल्यावर सूर जरा दबून परत वर येतो ना, तो मला फार प्रिय आहे. स्वतः उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरवल्याशिवाय आत हात घालू नका.