‘सायटेशन इम्पॅक्ट’ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. नाशकात पुढच्या महिन्यात राज्यशास्त्राच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान आहे, परिचय मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलंय. त्यांच्या बायोडेटात रिसर्च आउटपुट, सायटेशन इम्पॅक्ट (म्हणजे त्यांचं काम इतर अभ्यासकांनी आपल्या लेखनात किती वेळा नोंदवलं ते), एच-इंडेक्स असं सगळं आहे. मी ‘संशोधन उत्पादन’ आणि ‘उद्धरण प्रभाव’ लिहिलं, घरी वाचून दाखवलं तर कोणालाच काही कळेना. काय लिहू?

—

ताई, ‘उद्धरण’ नकोच. मराठी कानाला त्यात उद्धार ऐकू येतो. ‘अवतरण’ म्हणजे दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं देणं, आणि सायटेशनमध्ये तसं वाक्य असतंच असं नाही. सरळ ‘संदर्भ’ लिहा.

—

‘संदर्भ’वर थोडं अडतं बघा. मी माझ्या पेपरच्या शेवटी तुमचं पुस्तक नोंदवलं तर माझ्या बाजूने तो संदर्भ झाला आणि तुमच्या बाजूने सायटेशन, म्हणजे वस्तू एकच पण दिशा उलटी. ‘त्यांचे ५०० संदर्भ आहेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटणार त्यांनी ५०० पुस्तकं चाळली. म्हणून मी ‘उल्लेख’ म्हणेन, आकडा सांगायचा असेल तर ‘उल्लेखसंख्या’, आणि वाक्यात ‘दखल घेतली’. दखल हा आपला रोजचा शब्द आहे आणि ती कौतुकाने घेता येते तशी खोडून काढायलाही घेता येते. सायटेशन मोजणारं कॉम्प्युटर तरी कुठे बघतं की खाली टीका आहे का स्तुती, दोन्हीला एकच मार्क.

खरी काळजी मला ‘प्रभाव’ची वाटते. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कोणत्या पेपरने कोणाला नोंदवलं याची सूची, सुरू केला, पुढे इम्पॅक्ट फॅक्टर आला, म्हणजे लेखांना सरासरी किती उल्लेख मिळतात त्याचं माप, पण तो जर्नलचा (संशोधनाच्या नियतकालिकाचा) असतो, माणसाचा नाही. एच-इंडेक्स माणसाचा, तो २००५ मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सच्या शास्त्रज्ञाने सुचवला. समजा एखाद्याचे सहा पेपर आहेत आणि त्यांचे उल्लेख ४०, १२, ७, ४, २, ० असे आहेत, तर चार पेपरना किमान चार-चार उल्लेख मिळाले म्हणून एच-इंडेक्स ४. आता एखाद्याने आयुष्यभर खपून एकच पुस्तक लिहिलं आणि ते हजारो जणांनी वापरलं तरी त्याचा एच-इंडेक्स १ च राहणार! राज्यशास्त्रात तर ग्रंथ लिहिणारी माणसं खूप, त्यामुळे त्यांना हे माप फार अपुरं पडतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम घ्या. राज्यशास्त्राच्या अभ्यासक, २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या पहिल्या महिला. त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे १९९० चं ‘गव्हर्निंग द कॉमन्स’, पुस्तकच. विषय काय, तर पाणी, कुरणं, मासेमारी असली सामाईक साधनं लोक स्वतः नियम करून कशी सांभाळतात. त्यात स्पेनचे पाट आहेत, स्वित्झर्लंडची कुरणं आहेत. हे वाचताना आपल्या बागलाणातली फड पद्धत आठवल्याशिवाय राहत नाही, मोसम नदीवरचे बंधारे, पाटकरी, पाळीचं पाणी, सगळं गावानेच ठरवलेलं. दिंडोरीकडे वाघाडच्या पाणी वापर संस्थाही त्याच वाटेवरच्या. आता यावर कोणी मनापासून मराठीत अभ्यास लिहिला, तो पाटावरच्या शेतकऱ्यांनी वाचला, त्यावरून भांडणं मिटली, तरी उल्लेखसंख्येत त्याची भर शून्य. स्कोपस म्हणजे उल्लेख मोजणारी शोधनिबंधांची मोठी सूची, तिच्यात यायचं तर जर्नलमध्ये निदान शीर्षक आणि सारांश इंग्रजीत लागतो. मग मराठीत लिहिणाऱ्याचा ‘प्रभाव कमी’ असं आपणच छापायचं का? मला ते अजिबात पटत नाही. आकडा दखलेचा आहे, त्याला दखलच म्हणावं, प्रभाव हा शब्द एवढा स्वस्तात देऊ नये.

—

दादा, पटलं. मग आउटपुटला काय लिहू? आणि एच-इंडेक्स सांगायचा का?

—

आउटपुटला वेगळा शब्दच नको, ‘उत्पादन’ तर नकोच. इतके ग्रंथ, इतके शोधनिबंध, झालं. एच-इंडेक्स सभेत सांगू नका, छापील पत्रिकेत हवा असेल तर ‘एच-निर्देशांक’ लिहा.

वाक्य असं करून बघा : ‘सरांचे ग्रंथ आणि शोधनिबंध प्रसिद्ध असून देशोदेशीच्या अभ्यासकांनी आपल्या लेखनात त्यांची दखल घेतली आहे.’ मात्र ‘देशोदेशीच्या’ खरं असेल तरच ठेवा, सरांना विचारून घ्या. आणि त्यांचं गाजलेलं एखादं काम काय सांगतं ते दोन ओळीत जरूर लिहा, ऐकणाऱ्यांना त्याचाच जास्त उपयोग.

—

एक भर घालते. आकडा छापणारच असाल तर तो कुठला आणि कधीचा ते सोबत लिहा, म्हणजे ‘गूगल स्कॉलरनुसार, अमुक तारखेला’. गूगल स्कॉलर पुस्तकं, प्रबंध, परिषदांतले निबंध असं बरंच काही धरतं म्हणून तिथला आकडा बहुधा स्कोपसपेक्षा मोठा दिसतो. दोन्हीकडचे आकडे एका ओळीत मिसळू नका.