पत्ता मी टाइप केला, मग शेपूट कोणी जोडलं?

घणसोलीकर:
ब्रेव्ह ब्राउझरचं जून 2020 चं प्रकरण आठवत नसेल तर थोडक्यात: अॅड्रेस बारमध्ये बायनान्स या क्रिप्टोचलनाच्या बाजाराचा अमेरिकी पत्ता लिहायला घेतला की ब्राउझर तो पूर्ण करताना पुढे स्वतःचा रेफरल कोड, म्हणजे "हे गिऱ्हाईक आमच्याकडून आलं" असं सांगून कमिशन मिळवायची खूण, चिकटवायचा. बोभाटा झाल्यावर ब्रेव्हचे प्रमुख ब्रेंडन आइकनी चूक कबूल करून ते बंद केलं. आणि हा म्हणे प्रायव्हसीवाला ब्राउझर! मी लिहिलेल्या पत्त्याला न सांगता हात लावला, की माझ्या लेखी ती फसवणूकच.

नौपाड्याची मंजू:
अहो, पण नुकसान कुणाचं झालं? कोड ब्रेव्हची ओळख सांगणारा होता, तुमची नव्हे. साइट तीच उघडली. फुकट ब्राउझर वापरायचा आणि त्याने कमवायचंही नाही, हे कसं चालेल?

घणसोलीकर:
कमवू दे ना, सांगून कमवू दे. मी सीवूड्सला थेट घरमालकाच्या दारात गेलो आणि परस्पर कोणी एजंट "गिऱ्हाईक मी आणलं" म्हणून दलाली घेऊन गेला, तर पैसे मालकाचे गेले म्हणून मी गप्प बसायचं?

खारघर सेक्टर 12:
मग फायरफॉक्सचं काय? 2022 पासून त्याच्या 'स्ट्रिक्ट' सेटिंगमध्ये लिंकमागचं फेसबुकचं ट्रॅकिंगचं लचांड छाटलं जातं. सफारी 2023 पासून प्रायव्हेट विंडोत तेच करतो. हाही पत्ता बदलणंच झालं!

घणसोलीकर:
फायरफॉक्सचं सेटिंग मी स्वतः लावतो, त्यामुळे तक्रार नाही. सफारीचं मात्र मलाही पूर्ण पटत नाही. हेतू चांगला आहे, पण छाटल्याचं तिथल्या तिथे कळायला हवं.

नौपाड्याची मंजू:
कळून करणार काय? सासऱ्यांना मेसेज आला, "आज रात्री वीज कापली जाईल, लगेच बिल भरा." लिंकच्या सुरुवातीला वीज कंपनीचं नाव, पुढे टिंब, मग कुठलं तरी भलतंच डोमेन, म्हणजे साइटचं मूळ नाव. खरा मालक त्या शेवटच्या तुकड्यात असतो, हे सत्तरीतल्या माणसाने मोबाइलच्या एवढ्याशा पट्टीत कसं ओळखायचं? ब्राउझरने बाकीचं झाकून तेवढंच दाखवलं तर मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. उलट पूर्ण पत्ता दाखवणं ही आपल्यासारख्यांची हौस आहे.

ऐरोलीचा टेस्टर:
मंजूताई, तो प्रयोग होऊन गेलाय. क्रोमने 2020 मध्ये काही लोकांना नुसतं मुख्य डोमेन दाखवून बघितलं. सुरक्षेत म्हणावा तसा फरक पडला नाही, म्हणून 2021 मध्ये गाशा गुंडाळला. सासऱ्यांना त्या मेसेजपासून ब्राउझर नाही, तुम्हीच वाचवणार.

नौपाड्याची मंजू:
एक प्रयोग फसला म्हणून सगळंच उघडं ठेवायचं? मला नाही पटत. आणि लपवणं नि कमिशनचा कोड घुसवणं एकाच पारड्यात टाकू नका.

ऐरोलीचा टेस्टर:
एका पारड्यात नाही, पण सवय तीच. क्रोममध्ये आत्ता बघा: पट्टीत पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस दिसत नाही, पूर्ण पत्ता कॉपी करून व्हॉट्सअॅपवर पेस्ट केला की ते हजर! दिसतं एक, कॉपी होतं दुसरं.

खारघर सेक्टर 12:
कॉम्प्युटरवर पट्टीवर राइट क्लिक करा, पूर्ण पत्ता कायम दाखवायचा पर्याय आहे. मोबाइलवर कुठे असतो, कुणाला माहीत आहे का?