रिचार्जेबल पेन्सिल सेल: घरात कुठे वापरावेत, कुठे नाही? आणि चार्जर कोणता?

माळरान (प्रश्न)

सेलवर चालणाऱ्या वस्तू घरात वाढत चालल्या आहेत: टीव्ही आणि एसीचे रिमोट, भिंतीवरची दोन घड्याळे, बीपी मशीन, वायरलेस माउस, मुलांची चार सेलची रिमोट कार, दाराचे डिजिटल कुलूप. बाथरूममधल्या गॅस गीझरला दोन मोठे सेल लागतात ते वेगळेच. सगळीकडे एकदाच रिचार्जेबल टाकून मोकळे व्हावे असा विचार आहे.

सध्या २१०० एमएएच क्षमतेचे चार जुने सेल आहेत. चार्जर साधा, प्लगमध्ये थेट खोचायचा, मागे '२.८ व्होल्ट, २०० मिलिअँपिअर' असे छापलेले. रात्रभर चार्ज केले तरी कार दहा मिनिटांत थांबते. दोष सेलचा की चार्जरचा? नवे घ्यायचे तर किती एमएएचचे घ्यावेत?

चुंबकसुई

सगळीकडे टाकू नका. ज्या वस्तूचे सेल दोन-तीन महिन्यांत संपतात तिथे रिचार्जेबल. जिथे सेल वर्षभर चालतो तिथे त्याचा काही फायदा नाही.

घड्याळ जेमतेम ०.१-०.२ मिलिअँपिअर खाते. तिथे साधा स्वस्त सेलच योग्य, फक्त वर्षाने न चुकता बदला. टीव्हीच्या रिमोटचेही तसेच. एसीच्या रिमोटला डिस्प्ले असतो आणि कमी व्होल्टेजला तो फिका पडतो, म्हणून तिथे अल्कलाइन (साध्यापेक्षा महाग आणि जास्त टिकणारा, पण चार्ज न होणारा सेल). माउस आणि रिमोट कार या रिचार्जेबलच्या हक्काच्या जागा. बीपी मशीनचा पंप हवा भरताना चांगलाच करंट ओढतो आणि निकेल मेटल हायड्राइड सेल, म्हणजे नेहमीचे रिचार्जेबल, तो सहज देतात. तरीही मशीनसोबतच्या पुस्तिकेत फक्त अल्कलाइन वापरा असे लिहिले असेल तर तेच पाळा, किंवा कंपनीचा अ‍ॅडॉप्टर लावा.

कुलपाबाबत सावध राहा. अल्कलाइनचे व्होल्टेज १.५ पासून हळूहळू उतरत जाते आणि 'बॅटरी कमी' हा इशारा त्या उतरणीवर बेतलेला असतो. निकेल सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे इशारा एकतर पहिल्या दिवसापासून वाजत राहतो, नाहीतर वाजून काही तासांतच कुलूप बंद पडते. दाराबाहेर अडकायचे नसेल तर कुलपात चारही अल्कलाइन एकाच वेळी नवे टाका.

गॅस गीझरला रिचार्जेबल नकोच. दोन मोठ्या सेलचे ३ व्होल्ट ठिणगीलाही लागतात आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरायलाही. दोन निकेल सेल मिळून २.४ च देतात. ठिणगीची टकटक मंदावते, बर्नर उशिरा पेटतो, कधी पेटून लगेच विझतो. साचलेला गॅस उशिरा पेटला की भपका उडतो, आणि बंद बाथरूममध्ये हा धोका पत्करू नये. पेन्सिल सेल मोठ्या सेलच्या जागी बसवायचे प्लॅस्टिकचे खोळ मिळतात, तेही इथे नकोत. बाथरूमच्या ओलीत त्यांचे पत्रे गंजतात आणि व्होल्टेज आणखी पडते.

घाटमाथा

दोष बहुतेक दोन्हीकडे आहे, पण सुरुवात चार्जरपासून झाली असणार.

२.८ व्होल्ट लिहिलेला चार्जर दोन-दोन सेल जोडीने, एकापाठोपाठ एक, चार्ज करतो. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असेल तर पहिला भरून तापत राहतो आणि दुसरा उपाशीच राहतो. अशा चार्जरला सेल भरल्याचे कळतही नाही. हिशोब बघा: २१०० एमएएचचा सेल २०० मिलिअँपिअरने भरायला नुकसान धरून १४ ते १६ तास लागतात. रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढला तर तो अर्ध्याच्या थोडा वर भरलेला असतो, आणि दोन दिवस विसरला तर आतून सुकत जातो.

काही चार्जरमध्ये टायमर असतो. जिथे वीज जाते-येते तिथे तो जास्त घातक, कारण वीज परत आली की बरेचसे टायमर शून्यापासून मोजू लागतात. भरलेल्या सेलवर पुन्हा सगळे तास चढतात.

घ्यायचा तर प्रत्येक खणाचा वेगळा दिवा किंवा वेगळा डिस्प्ले असलेला चार्जर घ्या. एक किंवा तीन सेल घालूनही चालतो का, हे दुकानात विचारा. फक्त दोन किंवा चारच चालतात असे उत्तर आले तर तो जोडीचा आहे. चांगला चार्जर सेल भरला हे ओळखतो कसे? पूर्ण भरताच निकेल सेलचे व्होल्टेज किंचित खाली येते, फक्त ५-१० मिलिव्होल्ट. ती घसरण पाहून चार्जर थांबतो. पण करंट फार कमी ठेवला तर ही घसरण उमटतच नाही आणि चार्जिंग चालूच राहते. म्हणून असा चार्जर असेल तर 'हळू चार्ज केले की सेल टिकतो' हा सल्ला उलटा पडतो. २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअर ठेवा. ५०० ला साधारण साडेचार तास लागतात. एएए मापाच्या, म्हणजे पेन्सिल सेलहून बारीक, ८०० एमएएचच्या सेलला ३०० ते ४०० पुरे.

शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत सेल कोमट होणे बरोबर आहे. हातात धरवत नसेल तर काढून टाका. उन्हाळ्यात दुपारी बंद खोलीत चार्ज करू नका. ४० अंशांच्या वर सेल नीट चार्ज घेत नाही आणि बरीचशी वीज उष्णतेतच जाते. पहाटे किंवा पंख्याखाली लावा.

एमएएचच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. घरातल्या कामाला २००० चा, 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेला सेल सर्वांत चांगला. हा प्रकार सान्योने २००५ मध्ये एनेलूप नावाने आणला. ते नाव आता पॅनासॉनिककडे आहे आणि इतर कंपन्याही असे सेल बनवतात. हे वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात. जुन्या पद्धतीचे सेल महिन्याभरातच पाव हिस्सा गमावतात. २५०० च्या पुढचे सेल कमी वेळा चार्ज होऊन थकतात. पेन्सिल सेलवर ३०००, ४००० छापलेले दिसले तर विकत घेऊच नका. या आकाराच्या निकेल सेलमध्ये एवढे मावत नाही.

माळरान

चार्जर बदलतो. पण जुन्या चारांपैकी चांगला कोण, वाईट कोण, हे कसे ओळखायचे? मल्टिमीटर आहे. चारही १.२५ च्या आसपास दाखवतात. आणि हल्ली यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात, ते कसे?

तांब्याची तार

नुसत्या सेलचे व्होल्टेज बघून काही कळत नाही. अर्धा भरलेला आणि पाऊण रिकामा, दोन्ही १.२ च्या वर-खालीच दाखवतात. काम करताना मोजा.

मार्करने सेलवर १ ते ४ आकडे घाला. चारही पूर्ण चार्ज करून रात्रभर बाजूला ठेवा. मग कारमध्ये घाला, पाच मिनिटे चालवा, चाके उचलून धरा आणि फिरत असतानाच एकेका सेलच्या दोन टोकांवर मीटर लावा. तीन सेल १.२० ते १.२५ आणि एक १.० च्या खाली असेल तर गुन्हेगार तोच. चारही एकसारखेच खाली आले तर चारही थकलेत.

एकट्या कमजोर सेलमुळे अख्खा संच बंद पडतो, त्याचे कारण असे. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे तीन त्याच्यातून करंट ढकलतच राहतात आणि त्याचे प्लस-मायनस उलटते. असे दोन-चार वेळा झाले की तो कायमचा गेला. म्हणून कार मंदावली की लगेच बटण बंद करा, पार थांबेपर्यंत पळवू नका. मुलांना एवढे शिकवले तरी सेल कितीतरी जास्त टिकतात. एका वेळी घेतलेले चार सेल एकत्रच ठेवा, एकत्रच वापरा, एकत्रच चार्ज करा. नव्यात जुना मिसळू नका आणि निकेलसोबत अल्कलाइन तर कधीच नाही.

यूएसबीच्या सेलमध्ये आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल आणि तो १.५ वर आणणारे छोटे सर्किट असते. फायदा हा की शेवटपर्यंत १.५ च मिळतात. तोटा हा की संपताना पूर्वसूचना न देता बंद होतो. सर्किटचा आवाज रेडिओत घरघर म्हणून ऐकू येतो. खोक्यावरचा आकडा नीट वाचा: ३००० एमडब्ल्यूएच (मिलिवॉट-तास) म्हणजे २००० एमएएचच, कारण ३००० ला १.५ ने भागायचे. हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये चुकूनही घालू नका.

पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा सेल थेट ३.७ व्होल्टचा असतो. तो कारमध्ये घातला तर आतले सर्किट जळते. ऑनलाइन घेताना १.५ आणि ३.७ हे आकडे दोनदा वाचा.

चुंबकसुई

एक राहिले. कारमध्ये आधी अल्कलाइन असतील तर नवे सेल घालण्यापूर्वी खणातले पत्रे बघा. पांढरी भुरभुरीत पूड दिसली तर सेल पाझरलेला आहे. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पूड पुसा, मग पाण्याने ओला केलेला बोळा, मग पूर्ण वाळवा. हिरवट डाग राहिले तर बारीक पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा. डोळ्यांना आणि तोंडाला हात लावू नका, ती पूड क्षारीय असते. पत्रा खराब असेल तर कितीही चांगला सेल घाला, करंट तिथेच अडतो.

बाद झालेले सेल कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. परत देईपर्यंत दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बरणीत साठवा, आणि लिथियमचे वेगळ्या बरणीत.