पाच टक्क्यांचा पक्ष शंभर वर्षं कसा टिकला?

उदगीरची, माहेर भालकी
नमस्कार मंडळी. 1956 च्या आधी आमचं उदगीर आन् भालकी, दोन्ही बीदर जिल्ह्यात होते. आता मधी राज्याची हद्द. भालकीच्या काकांचं शिक्षण मराठीत झालेलं, शेताची पहाणी (आपल्या सातबाऱ्यासारखा उतारा) मात्र कन्नडात निघते. परवा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, "बाई, यात माझं नाव कुठंय ते तुझ्या पोराला विचार." पोराला तरी काय कळतंय!

पुतण्या फिनलंडला वासा इथं शिकायलाय. तो म्हणतो, रस्त्याच्या पाट्या फिनिश आन् स्वीडिश दोन्हीत. स्वीडिशवाले देशात जेमतेम पाच टक्के, पण 1906 पासून त्यांचा पक्ष आहे आन् आज मंत्रीबी आहेत. हे कसं जमलं? आपल्याकडं बेळगावात मराठी लोकांची महाराष्ट्र एकीकरण समिती झाली, बीदरकडं का नाही?

निवृत्त मास्तर, नांदेड
ताई, राज्यशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, तेव्हा उत्तर लांबणार.

पहिलं कारण निवडणुकीची पद्धत. तिथं मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. 2023 ला या स्वीडिश पीपल्स पार्टीला 4.3 टक्के मतं पडली आणि 200 पैकी 9 जागा आल्या. ऑलंड बेटांचा एक खासदार त्यांच्याच गटात बसतो, म्हणजे 10. आपल्याकडं एका मतानं मागं पडला तरी गडी घरी! बेळगावात 2018 ला समितीच्याच दोन गटांनी एकमेकांविरुद्ध उमेदवार दिले आणि एकही जागा आली नाही.

दुसरं, आणि मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. हा पक्ष सहसा रुसून बाहेर बसत नाही. 1979 ते 2015 सलग सरकारात होता, मग ते सरकार डाव्यांचं असो की उजव्यांचं. आत्ताचं सरकार बघा. बाकीच्या तीन पक्षांचे मिळून 48, 46 आणि 5, बेरीज 99. बहुमताला 101 लागतात, म्हणजे स्वीडिशवाल्यांशिवाय भागत नाही. गंमत म्हणजे त्या 46 वाल्या फिन्स पार्टीला शाळेतली सक्तीची स्वीडिश नकोच आहे, तरी दोघं एकाच मंत्रिमंडळात!

पाट्यांचं म्हणाल तर तो कायदाच आहे. गावात अल्पसंख्य भाषेचे 8 टक्के किंवा 3,000 लोक असले की नगरपालिका दुभाषिक ठरते. मग कागद दोन्ही भाषांत द्यावे लागतात, कुणाच्या मेहेरबानीचा प्रश्न येत नाही.

भालकीवाला
मास्तर, हिशोब पटला. पण इकडं मत भाषेवर पडतच नाही हो. लिंगायत कुणीकडं, मराठा कुणीकडं, तिकीट कुणाला, एवढंच बघायलेत लोक. प्रचाराला येणारा मराठीत बोलतो, निवडून आला की फाईल कन्नडात. बेळगावचा प्रश्न मुंबईपर्यंत पोचला, आमच्याकडं ढुंकून कोण बघतंय? महाराष्ट्राच्या 865 गावांच्या मागणीत आम्हीबी आहोत, हे लातूरच्या पाहुण्यांना सांगावं लागतं.

देगलूरचा
आरसा आपल्याकडंबी फिरवा की. आमच्या तालुक्यात घरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे किती आहेत! त्यांनी पक्ष काढला तर आपण काय म्हणू? आन् धर्माबादकडच्या गावांनी तेलंगणात जाऊ म्हणलं ते भाषेसाठी नाही, तिकडं तेव्हा शेतकऱ्याला सरकारच्या रयतू बंधू योजनेचे पैसे मिळायचे म्हणून.

उदगीरची, माहेर भालकी
दादा, खरंय तुमचं. मास्तर, ते 8 टक्क्यांसारखं आपल्याकडं काही नाही का?

निवृत्त मास्तर, नांदेड
आहे, पण पातळ. घटनेच्या 350 क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा असं राज्यांना सांगितलंय. वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुलं असली की तसा शिक्षक द्यायचा, हे जुनं सूत्र. महत्त्वाच्या सूचना स्थानिक लोकसंख्येच्या 15 टक्के लोक असतील तिथं त्यांच्या भाषेत काढायच्या, असंही ठरलेलं आहे. पण हे केंद्र आणि मुख्यमंत्र्यांनी बसून ठरवलेलं. फिनलंडसारखा कायदा पाठीशी नाही, त्यामुळं राज्यानं पाळलं तर पाळलं. तक्रार ऐकायला 350 ख खाली भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्त आहे, त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडं जातो.

काकांना म्हणावं, पहाणीचं मराठी भाषांतर मागणारा अर्ज तहसीलला द्या, पोच घ्या आणि एक प्रत आयुक्तांना धाडा. अर्ज मराठीतच लिहा.

भालकीवाला
ताई, काकांचा फोटो मला पाठवा. कन्नड वाचता येतंय मला, नाव काढून देतो.