आबाजींचा बी-२७५: कंपनीतून निघाला तसा करायचा की वावरात राबला तसा ठेवायचा?

संत्राबाग

काटोलकडच्या आमच्या शेतातला आबाजींचा इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर वाडीच्या शेडमध्ये आणून ठेवला आहे. इंजिन जाम होतं, ते डिझेल आणि ऑइल भरून मुरू दिल्यावर सुटलं. आता घरात आणि मित्रांत वाद पेटलाय. माझं म्हणणं असं की हा ट्रॅक्टर कंपनीतून निघाला होता तसाच व्हायला हवा. रंग, ग्रिल, बिल्ला, डायनॅमो, सीट, सायलेन्सर, सगळं.

बी-२७५ मुळात इंग्लंडचा. ब्रॅडफर्डच्या कारखान्यात १९५८ पासून बनायचा. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि तो मुंबईत तयार होऊ लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने शेतीयंत्रांचा धंदाच विकून टाकला. आज आपल्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, पण ज्याच्यापासून ही सगळी पिढी सुरू झाली तो नवा असताना कसा दिसायचा, हे दाखवायला इकडे धड एक नमुना माझ्या पाहण्यात नाही. जे दिसतात त्यांच्यावर ऑइलपेंटचे थरावर थर, कुणाला दुसऱ्याच मॉडेलचं बॉनेट, कुणाच्या ग्रिलच्या जागी खिडकीची जाळी.

मूळ रंग कळणार कसा, असं लोक विचारतात. कळतो. चेसिस नंबरच्या पट्टीचे रिबिट काढले, तर खाली बोटभर रुंदीचा लाल रंग जसाच्या तसा होता. ऊन नाही, धूळ नाही, डिझेलचा ओघळ नाही. वरच्या थरापेक्षा बराच गडद. बॅटरीच्या पेटीखाली आणि हेडलाइटच्या ब्रॅकेटमागेही तोच निघाला. पेंटच्या दुकानात मशीनवर तो तुकडा दाखवून शेड काढून घेणार आहे.

खरी अडचण सायलेन्सरची. कंपनीचा सायलेन्सर बॉनेटवर सरळ उभा असतो. आमचा बागेत चालायचा, संत्र्याच्या फांद्या खाली, त्यामुळे पाइप अडायचा आणि पानं करपायची. आबाजींनी गावच्या लोहाराकडून तो कापून, वाकवून, बाजूने खाली घेतला. काका म्हणतात त्याला हात लावायचा नाही. मी म्हणतो सरळच बसवायचा. तुमचं मत काय?

काळी_माती

दादा, तुमची मेहनत दिसते, पण तुमचं म्हणणं मला मुळीच पटत नाही.

ब्रॅडफर्डला संत्र्याच्या बागा नव्हत्या. तो पाइप काटोलात वाकला आणि का वाकला हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या ट्रॅक्टरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, आणि तुम्ही ती पहिली काढायला निघालात.

नमुना हवा म्हणता, तर इंग्लंडमध्ये बी-२७५ चकचकीत करून ठेवणारे आजही आहेत. जुन्या माहितीपुस्तिकांत फोटो आहेत, मापं आहेत. कारखान्यातलं रूप हरवलेलं नाही. हरवतोय तो विदर्भात राबलेला ट्रॅक्टर. ट्रॉलीसाठी लांबवलेला हूक, रेडिएटरला पितळी ठिगळ, उन्हासाठी अँगल ठोकून केलेलं छप्पर, मडगार्डवर पोरांना बसायला लावलेली फळी. हे कुठल्या पुस्तिकेत सापडणार? इथला कास्तकार विलायती यंत्राला आपल्या जमिनीवर कसा वळवत गेला, याचा दुसरा पुरावा आपल्याकडे नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि रंगाचं म्हणाल तर एकदा घासला की गेला. बॉनेटवर डाव्या अंगाला तुमच्या आबाजींचा हात टेकून टेकून पत्रा उघडा पडला असेल तर तो भाग पुन्हा कुणाला करता येणार आहे? गंज थांबवा, तेलाचा पातळ हात द्या, इंजिन चालू करा आणि तिथेच थांबा.

उमरेडचा_कास्तकार

तुमचं दोघायचंही मले पटून नाही राहिलं. ट्रॅक्टर हा वावराचा. त्याले रंग द्या नाहीतर नका देऊ, पण कामाले लावा. शेडमंदी उभा राहिला का ऑइल सील वाळते, टाकीत पाणी धरते, टायर चिरते, क्लच चिकटते. आमच्या इकडं याच जातीचा एक ट्रॅक्टर अजून पाण्याचा टँकर ओढून राहिला. त्याले अल्टरनेटर लावला, नवा सेल्फ लावला, सीट बदलली. मालक म्हणते, अजून पोराच्या हयातीत चालते. मंग तो जुना झाला का खराब झाला? मागच्या टायरच्या जोडीलेच तीस हजाराच्या वर लागते राजेहो. एवढा पैसा घालून नुसतं खंडेनवमीले हार घालाचा का?

लेथ_हिंगणा

रंग आणि सायलेन्सर राहू द्या बाजूला. आधी काय तपासायचं ते सांगतो, मग भांडा.

इंजिन सुटलं म्हणून लगेच ओढून चालू करू नका. हेड काढा आणि बोअरच्या, म्हणजे पिष्टन ज्या नळीत फिरतो तिच्या, वरच्या टोकाला नख फिरवा. रिंगचा प्रवास जिथे संपतो तिथे नख अडलं तर कड पडली आहे. मग नुसत्या रिंगा बदलून काम भागत नाही, चारही लायनर (त्या नळ्यांची अस्तरं) मोजून घ्यायचे. या इंजिनला हीटर प्लग असतात, थंड इंजिन तापवून सुरू करायला. नंतर डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनं आली, त्यांच्यात डिझेल थेट पिष्टनच्या डोक्यावर फवारतं, त्यामुळे हेड वेगळं. मधल्या काळात कुणा मिस्त्रीने डीआयचं अख्खं इंजिन बसवलं असेल तर तुमचा हा सगळा वादच बदलतो. इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा.

सँडब्लास्टिंगचं कुणी सुचवलं तर फक्त रिमवर करा. बॉनेटचा पत्रा वाळूच्या माऱ्याने लाटा धरतो, पुन्हा सपाट होत नाही. आणि गिअरबॉक्सच्या, हायड्रॉलिकच्या कास्टिंगजवळ तर वाळू आणूच नका. आमच्याकडे एक पंप आला होता, ब्लास्टिंग करून चकाचक केलेला. उघडला तर आतल्या गिअरच्या तोंडावर वाळूचे कण रुतलेले आणि बॉडीवर गोल चरे. ते चरे कोणत्याही सीलने भरत नाहीत.

छोट्या गंजलेल्या भागांना धुण्याच्या सोड्याचं पाणी, साध्या लोखंडाची पट्टी आणि बॅटरी चार्जर पुरतो. भाग ऋण टोकाला, पट्टी धन टोकाला. उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

उमरेडच्या भाऊंना एक सांगणं. ब्रिटिश डिझाइनच्या त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असायचं. ते न पाहता अल्टरनेटर जोडला तर डायोड जागच्या जागी जळतात. डायनॅमो चांगल्या अवस्थेत असेल तर कार्बन ब्रश आणि बुश बदलून वर्षानुवर्षं चालतो. तो काढायची घाई कशाला?

माझं स्वतःचं मत विचाराल तर आतून सगळं मूळ मापावर आणा. बाहेरचं तुम्ही ठरवा.

यंत्र_शिकवणारा

मूळ स्थितीच्या हट्टात एक गोष्ट सुटते आहे. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये सर्रास ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडलात की कॉम्प्रेसरने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं बंद पिशवीत टाका. लायनिंग ॲस्बेस्टॉस नसलेलंच घ्या. तसंच पीटीओच्या, म्हणजे मागे जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर टोपी हवी. धोतराचा सोगा, साडीचा पदर त्यात गेला तर ओढून काढायला वेळच मिळत नाही. त्या काळी ट्रॅक्टरवर उलटण्यापासून वाचवणारी चौकटही नसायची. प्रदर्शनात उभा करायचा असेल तर ठीक, पण उमरेडच्या भाऊंसारखा नांगराला जुंपणार असाल तर ती बसवा. मूळ नाही म्हणून चौकट नको, या युक्तिवादाला मी कधीच मान देणार नाही.

वर्धारोड_वकील

थोडं कायद्याचं. विंटेज नोंदणी होईल असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी तरतूद आली ती पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या दुचाकी आणि बिगर-व्यावसायिक चारचाकी मोटारींसाठी आहे. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. पण त्या नियमातली अट वाचण्यासारखी आहे: वाहन मूळ रूपात असावं, चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नसावा. उद्या ट्रॅक्टरसाठी अशी तरतूद झाली तर संत्राबाग यांचा ट्रॅक्टर बसेल, काळी_माती ताईंचा बसणार नाही. तोवर जुनी आरसी जपून ठेवा आणि नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते उरका.

संत्राबाग

सगळ्यांचे आभार. ब्रेकचं आणि चौकटीचं म्हणणं शंभर टक्के मान्य, त्यात वाद नाही.

ताई, तुमचा मुद्दा जड आहे, पण इंग्लंडच्या नमुन्यावर मी भागवून घेणार नाही. माझ्या ट्रॅक्टरच्या डायनॅमोवर लुकास-टीव्हीएसचं नाव आहे, म्हणजे मद्रासचा. त्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशात सुटे भाग बनवायला लोक शिकत होते, आणि ते शिकणं या यंत्रावर ठिकठिकाणी दिसतं. विलायती ट्रॅक्टरवर ते दिसणार नाही. म्हणून इथला, इथे जोडलेला, त्या वर्षीचा बी-२७५ एक तरी पुरा उभा राहिला पाहिजे. वाकवलेला पाइप मी भंगारात टाकणार नाही. छप्पर, फळी, हूक, सगळ्याचे जागेवरचे फोटो आणि मापं घेऊन ते भाग शेडमध्येच टांगून ठेवणार. पत्र्याला नवीन भोक पाडणार नाही, कुठे वेल्डिंग करणार नाही. उद्या माझ्या मुलीला वाटलं तर ती दोन तासांत पुन्हा काटोलचा ट्रॅक्टर करू शकेल.

काळी_माती

पाइप परत लावता येईल, हे मान्य. रंग परत लावता येणार नाही आणि तुम्ही त्याबद्दल काहीच बोलला नाहीत. निदान एक मडगार्ड, एकच, हात न लावता ठेवा. काकांना विचारा कोणतं.

संत्राबाग

डावं. विचारायची गरज नाही, काका त्यावरच बसून शाळेत जायचे. पण अर्धा ट्रॅक्टर नवा आणि एक मडगार्ड विटकं, हे मला अजून पटत नाहीये. विचार करतो.

लेथ_हिंगणा

तोपर्यंत रेडिएटर काढून घेऊन या. ताईंनी म्हटलं तसं पितळी ठिगळ असेल तर कोअर तांब्या-पितळेचा आहे, तो झाळून दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमचा नवा घ्यायला कुणी सांगितलं तरी घेऊ नका.