दोन घरांत वाढणारी लॅटिनो मुलं: तुमच्या घरातले, ओळखीतले अनुभव लिहा

मी ह्यूस्टनमध्ये हायस्कूलला गणित शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं लॅटिनो, आईबाप मेक्सिको, होंडुरास, एल साल्वाडोरचे आणि पोरं बहुतेक इथेच जन्मलेली. मागच्या पालकसभेला एक मुलगी आईला घेऊन आली, मी इंग्लिशमध्ये बोलायचं आणि तिने आईला स्पॅनिशमध्ये सांगायचं असं चाललं होतं. मी म्हणलं, हिने दोन टेस्ट बुडवल्यात. मला कामापुरतं स्पॅनिश कळतं, त्यामुळे लक्ष होतं, ही आता काय सांगते. पोरीने स्वतःबद्दलची तक्रार शब्द न् शब्द आईला सांगितली, काही गाळलं नाही. मग आई काहीतरी बोलली आणि ही गप्पच बसली, ते मला सांगेना. मीच विचारलं तेव्हा कळलं, दोन्ही दिवशी धाकट्या भावाला दवाखान्यात न्यायचं होतं आणि डॉक्टरांशी बोलायला हीच लागते. पंधरा वर्षांची आहे हो! त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. तुमच्या घरात, सासरी, मित्रांमध्ये अशी मुलं असतील, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर लिहा.

*

मी स्वतः आहे. बाबा साताऱ्याचे, आई पेरूची, लिमाची. मराठी सुट्टीत आजीकडे शिकलो आणि आता बायकोशी बोलून टिकलंय, चुका सांभाळून घ्या.

न्यू जर्सीत पॅटरसनला वाढलो, तिथे पेरूची वस्ती मोठी आहे त्यामुळे आईला दुकानात इंग्लिश लागायचंच नाही, पण लाइटबिल, बँक, घरमालक हे सगळं माझ्याकडे, बाबा ट्रकवर असायचे. आठ-नऊ वर्षांचा असताना घरमालकाला फोनवर मोठ्या माणसाचा आवाज काढून बोललोय.

फॉर्मवर हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या मुळाचे) का हा प्रश्न वेगळा असायचा आणि वंश वेगळा, म्हणून मी दोन्हीकडे खूण करायचो, हो हिस्पॅनिक आणि खाली एशियन. कागदावर सोपं होतं. लिमाला मात्र मामेभाऊ मला ग्रिंगो, म्हणजे परका अमेरिकन, म्हणायचे आणि माझ्या स्पॅनिशला हसायचे. 'मला माहीत नाही' म्हणायला 'नो से' म्हणतात, इकडे वाढलेलं मूल नियमाने जाऊन 'नो साबो' म्हणतं, आपलं एखादं पोर 'मी करला' म्हणतं ना, तसंच. आता अशा सगळ्या मुलांना 'नो साबो'च म्हणतात. चिडवणाऱ्याला गंमत वाटते पण माझं तोंड दोन वर्षं बंद झालं होतं, आजी फोनवर आली की मी आंघोळीला जायचो.

घरी मात्र एक गोष्ट फार सुंदर होती. रविवारी आई पातेलंभर बटाटे उकडायची. अर्धे बाबांचे, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची घालून भाजी. उरलेले अर्धे ती गरम असतानाच कुस्करायची, लिंबू, तेल आणि पिवळ्या मिरचीचं वाटण मळून काउसा करायची, तो थंडच खातात. मी ताटात दोन्ही शेजारी घ्यायचो. अजून घेतो.

*

सॅन अँटोनियोहून. माझा नवरा मेक्सिकन-अमेरिकन, चौथी पिढी, आणि त्याला स्पॅनिश येत नाही. सुरुवातीला मला नवल वाटायचं, नंतर सासूबाईंनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी टेक्सासच्या शाळांत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची, त्यांनी स्वतः हातावर पट्ट्या खाल्ल्यात. म्हणून त्यांनी मुलाला शिकवलंच नाही, त्याचं भलं व्हावं म्हणून. आणि आता त्यालाच लोक विचारतात, तुझं नाव असं आणि स्पॅनिश कसं येत नाही? मला याचा फार राग येतो. आमची लेक शाळेत इंग्लिश-स्पॅनिश दोन्हीत शिकते, ती आजीशी स्पॅनिश बोलायला लागली तेव्हा सासूबाई आधी इंग्लिशमध्येच उत्तर द्यायच्या, सवयीने. आता देत नाहीत.

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला त्यांच्याकडे गेलेल्या माणसांसाठी ओफ्रेंडा मांडतात, फोटो, मेणबत्त्या, झेंडू. (झेंडू मुळात मेक्सिकोचाच, आपल्याकडे दसऱ्याला आला नंतर.) माझे बाबा गेले तेव्हा मला पोचता आलं नव्हतं. त्या वर्षी लेकीने त्यांचा फोटो पणजोबांच्या शेजारी ठेवला आणि विचारलं, आजोबांना काय आवडायचं? चहा आणि पार्ले-जी ठेवलं.

*

थोडक्यात लिहितो, माझं नाही, जिवलग मित्राचं आहे. तीन वर्षांचा असताना आईबापांनी मेक्सिकोहून आणलं. २०१२ च्या 'डाका'मध्ये (DACA, लहानपणी आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना तात्पुरतं इथे राहू देणारी सरकारी योजना) बसला, दर दोन वर्षांनी नूतनीकरण. देश सोडायचा तर आधी परवानगी लागते, नाहीतर परत येता येईल याची खात्री नाही. आजी वारली तेव्हा परवानगी वेळेत आली नाही. गाडीत बसून फोनवर अंत्यविधी बघितला त्याने, मी शेजारी होतो.

*

त्या मुलीचं पुढे काय झालं, बाई?

*

टेस्ट परत घेतल्या, पास झाली. पालकांना त्यांच्या भाषेत सांगणं हे शाळेचं काम आहे, त्या लेकराचं नाही, हे मी वर भांडून मान्य करून घेतलं. पुढच्या सभेला फोनवर दुभाषी होत्या. आई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली, खूप बोलली, पाढे मीच शिकवले हिला असंही म्हणाली. मुलगी शेजारी बसून संत्रं सोलत होती. मध्येच सवयीने तिचं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि तिने एक फोड आईला दिली, एक मला.